नव्या फ्लेक्सचा वास

नवा फ्लेक्स उलगडला की रबरासारखा उग्र वास येतो आणि मला परळच्या आमच्या कॉलेजातला तो जून आठवतो. समोरच्या बंद गिरणीच्या जागी काचेची इमारत चढत होती, आणि आमच्याकडे भरमसाट फीचा नवा कोर्स निघाला होता; त्याचा कोरा फ्लेक्स फाटकावर टांगला होता. प्राचार्यांनी आम्हा प्राध्यापकांनाच फाटकाशी टेबलं मांडून बसवलं, जसे काही फेरीवाले! "आलेलं गिऱ्हाईक सोडायचं नाही," त्यांनी बजावलं. भोईवाड्यातली एक बाई मुलीला घेऊन आली. हिंदमाताच्या कापडबाजारात साडीचा पोत बघावा तसं तिने माहितीपत्रक बोटांत चोळलं आणि विचारलं, "बाई, खरं सांगा हां, तुमच्या पोरीला घातलं असतं ह्यात?" प्राचार्य मागेच उभे होते. त्या कोर्सला शिकवायला अजून कुणी नेमलेलंच नव्हतं. मी म्हटलं, "नाही. बी.ए.ला घाला. तिथे मी शिकवते." प्राचार्य लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी ती बाई चाळीतल्या बायका आणि त्यांच्या मुली घेऊन हजर. "ह्याच त्या. ह्या फसवत नाहीत." बी.ए.चा वर्ग गच्च भरला, आणि प्राचार्यांनी मुकाट्याने माझं टेबल सावलीत सरकवलं. तिच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मी काही वर्षांनी दिलं. माझी पोर बारावी झाली, तेव्हा तिला त्याच वर्गात घातलं. आज तीही शिकवते.