नऊशे सत्त्याण्णवपर्यंत

ऑफिसात आम्ही त्याला ‘भागाकार’ म्हणायचो आणि त्यालाही ते चालायचं. त्याचं काम घरोघर पाण्याचे मीटर वाचायचं. मीटरवर काळे आकडे घनमीटरचे, लाल आकडे लिटरचे. बिलाला काळे पुरतात. हा गडी लालसुद्धा वहीत उतरवायचा, सगळे मिळून एक मोठी संख्या करायचा आणि ती कशाने भागली जाते ते शोधत बसायचा. घरी एक खोली, एक कॉट, बोलायला कुणी नाही. सोमवारी त्याचा पहिला शब्द खरखरत यायचा, त्यावरून रविवार कसा गेला ते मला कळायचं.

त्याच्या फेरीत गणिताच्या एक निवृत्त बाई होत्या, त्याही एकट्याच. तो जिन्याखालचा मीटर मोठ्याने वाचायचा, त्या खुर्चीवरून ऐकायच्या. “तीनने जाते की रे, आकड्यांची बेरीज कर!” संख्या अवघड निघाली तर दोघं महिनाभर आपापल्या घरी शोधायची आणि पुढच्या फेरीला उत्तरं ताडून बघायची. हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा की मला चीड यायची. माझं घर माणसांनी भरलेलं, पण माझा चेहरा कधी असा खुलला नाही.

एका फेरीला संख्या आली १०२२११७. बाईंनी मनातच काही मांडलं आणि हसल्या. “मला सापडलं. आता तू शोध. आणि हे बघ, जमलं की लगेच ये. महिना भरायची वाट बघू नकोस.”

कॅल्क्युलेटरला तो हात लावायचा नाही. दोन, तीन, पाच, सात करत एकेका मूळ संख्येने कागदावर भागत राहिला. हजाराचा वर्ग दहा लाख, तेव्हा हजारापर्यंत पाहिलं की झालं, असा त्याचा अंदाज. एकशे अडुसष्ट भागाकार झाले. बाराव्या दिवशी ९९७ नेही बाकी उरली आणि तो माझ्या टेबलाशी आला.

“मूळ संख्या आहे. हिला कुणीच भागत नाही. बाईंना सांगून येऊ का?”

“कामाशिवाय? एकट्या बाईच्या घरी?” मी डोळा मिचकावला. “मीटर नाही तर तिथे वाचणार काय?”

सगळे हसले. तोही हसला आणि गेला नाही.

अठरा दिवसांनी तो फेरीला गेला तेव्हा दार शेजारणीने उघडलं. मीटर १०२२११७ वरच होता. लिटरचा आकडासुद्धा हलला नव्हता.

“त्या दिवशी तुम्ही गेलात आणि बाई पडल्या,” ती म्हणाली. “चार आठवडे दवाखान्यात होत्या. रोज विचारायच्या, मीटरवाला आला होता का म्हणून. परवा गेल्या. हे तुमच्यासाठी ठेवलंय.”

चिठ्ठीवर बाईंचं अक्षर: “१००९ × १०१३. हजारावर थांबला असशील. पुढची एकच मूळ संख्या राहिली होती.”

त्याने ती चिठ्ठी वहीसकट माझ्या टेबलावर ठेवली. वापराच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं. “चूक कुणाचीही होते रे,” मी पुटपुटलो.

“चुकीचं ठीक आहे,” तो म्हणाला. “चुकीचं उत्तर घेऊन का होईना, बाराव्या दिवशी जायला हवं होतं मी.”