शेजारणीचं सहा पायांचं अक्षर

सिंगापूरमध्ये, पुंगोलला, आमच्या दारासमोरच्या फ्लॅटमध्ये एक बल्गेरियन बाई राहायची. नवरा जहाजांच्या कंपनीत, मुलगा शिकायला दुसऱ्या देशात, त्यामुळे हिला दिवसभर मोकळा वेळ. मी घरूनच अकाउंट्सची कामं करायचे. महिनाअखेरीला माझी पाच वर्षांची मुलगी किंडरगार्टनमधून आली की पायात लुडबुडायची, म्हणून मीच तिला एकदा समोर पाठवलं. पुढे ती आपली आपणच जायला लागली, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

मुलीनं मराठी लिहावं अशी माझी फार इच्छा होती. बोलायचं म्हणाल तर मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, वर शेवटी इथल्या लोकांसारखा एक 'ला' लावून. निदान अक्षरं तरी हाताला लागू देत. रोज संध्याकाळी मी पाटी घेऊन बसायचे, श्री काढून द्यायचे आणि म्हणायचे, गिरव. ही दोनदा गिरवून पाणी मागायची, मग शू. गाठ उलटी गेली की मी पुसून परत काढायला लावायचे. रडारड व्हायची. नवरा म्हणायचा, जाऊ दे गं. तो जाऊ दे म्हणाला की मी आणखी हट्टाला पेटायचे.

अशात एक दिवस मुलगी समोरून आली आणि फ्रिजवर चिकटवलेल्या वीजबिलाच्या मागे तिनं न सांगता एक अक्षर काढलं. Ж. मधे एक उभी रेघ, दोन्ही बाजूंना हातपाय फेकलेले. "दिस वन फ्रॉग," म्हणाली. त्यांच्या भाषेत बेडकाच्या नावाची सुरुवात या अक्षरानं होते म्हणे, आणि दिसतंही ते वरून पाहिलेल्या बेडकासारखंच. मग ते अक्षर घरभर उड्या मारत सुटलं. आरशावरच्या वाफेत, कणकेच्या गोळ्यावर, माझ्या ऑफिसच्या कागदांवर. श्री काढताना दुखणारा हात हे काढताना बरा दुखत नव्हता.

बाई एकदा कॉफीला आली तेव्हा मी गोड हसून विचारलं, याच अक्षराचं एवढं काय कौतुक? तिला तेवढंच हवं होतं. आमची पुष्कळशी अक्षरं ग्रीकांकडून आली, ती सांगायला लागली, पण हा आवाज ग्रीकांकडे नव्हताच. इंग्रजीत 'प्लेजर' म्हणताना मधे येतो ना, तो. म्हणून हे अक्षर वेगळं घडवावं लागलं. कशावरून घडवलं ते आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जुन्या काळी ग्रीकांकडून आलेली अक्षरं आकडे म्हणूनही चालत, याला मात्र आकड्याचं काम कधी लागलंच नाही. आणि याच्या जुन्या नावाचा अर्थ होता 'जगा'. रशियापासून मंगोलियापर्यंत हे अक्षर वापरतात, पण सुरुवात आमच्याकडची, असं ती मान ताठ करून म्हणाली. माझी मुलगी तिच्या मांडीला टेकून हे सगळं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. माझं कुठलंही बोलणं तिनं असं ऐकलेलं मला आठवत नव्हतं. मी आतून नुसती धुमसत होते. एवढी हौस आहे तर स्वतःच्या मुलाला फोन करून सांग ना, माझ्या पोरीला कशाला नादी लावतेस, असं अगदी जिभेवर आलं होतं. मी तिला आणखी एक चकली वाढली.

दसऱ्याला मी टॅम्पिनीसच्या दोन मराठी कुटुंबांना बोलावलं. पाटीपूजन करायचं, आणि सगळ्यांसमोर मुलीकडून श्री काढून घ्यायची, असा माझा बेत. चार लोकांत तरी नाही म्हणणार नाही, असं वाटलं. लिटल इंडियातून झेंडू आणला. शेजारणीलाही बोलावलं, कारण न बोलावणं फारच दिसलं असतं. खरं म्हणजे तिनं ते बघावं, अशीही माझी इच्छा होती.

मी स्वयंपाकघरात श्रीखंड वाढत होते तेवढ्यात बाहेर कौतुक सुरू झालं. येऊन बघते तर पाटीवर मधोमध भलंमोठं Ж, आणि भोवती झेंडूची कड. त्यांच्या देशात मे महिन्यात एका दिवशी शाळेतली मुलं अक्षरांना फुलांनी सजवून रस्त्यातून मिरवतात, हे बाईनं तिला सांगितलेलं होतं. पण टॅम्पिनीसच्या काकूंना ते कुठून माहीत असणार? एकाचे आकडे उलटसुलट जोडून आपण पाटीवर सरस्वती काढतो, तीच पोरीनं काढलीय असं त्यांना वाटलं. "काय सुबक सरस्वती काढलीय गं हिनं," म्हणत त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. त्यांच्या मिस्टरांनी चष्मा काढून नमस्कार केला. शेजारीण दारातच थबकली होती. तिचे डोळे भरून आले होते. मी महिनोन् महिने डोकं आपटलं आणि पूजा झाली हिच्या अक्षराची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ती सरस्वती नाहीये," मी म्हटलं. "ते यांच्या भाषेतलं अक्षर आहे."

काकूंचा कुंकवाचा हात तसाच राहिला. मग त्या हसल्या, मुलीला जवळ घेतलं आणि विचारलं, "हे गं काय? आईनं शिकवलेली श्री का नाही काढलीस?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं नाही. काकूंनाच म्हणाली, "श्री चुकली की आई ओरडते. हे चुकलं तर आईला कळतच नाही."

एक इंग्रजी शब्द नाही, शेवटी 'ला' नाही. एवढं सलग मराठी ती पहिल्यांदाच बोलली होती. काकू फुलं सारखी करायला लागल्या. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

शेजारणीला काहीच कळलं नव्हतं. डोळे पुसत तिनं मला इंग्रजीत विचारलं, काय म्हणाली ती?

"तुमचं अक्षर सोपं आहे म्हणतेय," मी सांगितलं.

तेव्हा मात्र मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला दोन्ही भाषा कळत होत्या.