कचऱ्याच्या पोत्यातले पूर्वज

निघालो होतो पन्हाळ्याला. आधीच सांगून टाकतो, कारण या लेखात पन्हाळा कुठेच येणार नाही.

ऐंशी सालाच्या जरा अलीकडची-पलीकडची गोष्ट. मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो आणि पायांना घर मानवत नव्हतं. गडहिंग्लजच्या स्टँडवर आईनं रुमालात गुंडाळलेली मामाची कवळी माझ्या खिशात कोंबली. कवळीचे पुढचे दोन दात तुटले होते. "आधी ही दुरुस्तीला टाक, मग कुठला गड चढायचा तो चढ."

त्या रस्त्यानं सकाळी जाणार असाल तर एसटीत डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. निपाणीत गाडी चहाला थांबते, कंडक्टर उतरल्याशिवाय उतरू नका. कोल्हापुरात स्टँडजवळ मिसळ खाल्ली. कट परत मागितला तर पैसे पडत नाहीत, फक्त मालक ओरडतो, "पावणं, पोटाला जरा दया दाखवा की!"

महाद्वार रोडमागच्या एका बोळात मल्लाप्पाअण्णांचं कवळ्यांचं दुकान होतं. खिडकीत प्लॅस्टरचे दात वाळत पडलेले. त्यात काही दाढा एवढ्या दांडग्या, की मी विचारलं, "अण्णा, बैलांच्या पण कवळ्या करता?"

"माणसांच्याच हायत. लई जुन्या माणसांच्या."

"म्हणजे आजोबा-पणजोबांच्या?"

"त्याच्याबी आधी. बाई लाख-लाख वर्षांच्या हिशेबात बोलतात."

तेवढ्यात बाईच आल्या. दिघेबाई, कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. माणसाच्या पूर्वजांचे जे दात दगड होऊन सापडलेत, त्यांच्या प्रतिकृती त्यांनी पुण्याहून उसन्या आणून अण्णांना नकला करायला दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये शाळकरी पोरांसाठी प्रदर्शन. उसना माल मी पोचलो त्याच दिवशी सकाळी पुण्याला परत गेला होता.

बाईंनी एक दाढ उचलली, बोट फिरवलं आणि चेहरा उतरला.

"मल्लाप्पा, हिच्यावर पाच टेकड्या होत्या. मध्ये गलोलीच्या बेचकीसारखी घळ. कुठे गेली?"

"नीट केलं की, बाई! झिजल्यालं, वाकडं दात होतं. असलं दिऊन गिऱ्हाइकाला तोंड कसं दाखवू?"

"हे गिऱ्हाईक कधीच मेलंय हो. त्याला जेवायचं नाहीये!"

मला हसू आलं, पण बाई एकेक नक्कल उचलून मुळात काय होतं ते सांगायला लागल्या. कुणाच्या दाढा जात्यासारख्या थोराड आणि पुढचे दात चिमुकले, कुणाचे पुढचे दात आतून फावड्यासारखे खोलगट. अण्णांच्या कानशीनं सगळ्यांना एका वळणावर आणलं होतं. "खोटे दात खरे म्हणून पोरांना दाखवू? त्यापेक्षा टेबल रिकामं ठेवीन," बाई म्हणाल्या.

 अण्णा दाराआडच्या पोत्याकडं बघत म्हणाले, "पयल्या खेपंचं ओतल्यालं दात खराब निघालं म्हणून त्यात टाकलतं. बोळातला खड्डा बुजवायला ठिवलंय."

"खराब म्हणजे कसं?"

"झिजल्यालं. वाकडं. एकावर तर पाच टेकड्या."

बाई तोवर पदर खोचून पोत्यापाशी बसल्यासुद्धा.

दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघं चुरा उपसत होतो. मी पहिली दाढ मिरवत उचलली. बाई म्हणाल्या, "ही इथल्याच कुणा गिऱ्हाइकाची." हळूहळू बोटाला कळायला लागलं. डोळे मिटून बेचकी सापडली तेव्हा मी ओरडलोच. पण तिच्या जोडीच्या दाढेवर सहावा उंचवटा निघाला. "ही दुसऱ्या जातीची?"

"तुझी आणि तुझ्या सख्ख्या भावाची दाढ सारखी असते का? एका घरातही फरक असतो. कुठला फरक घरातला आणि कुठला घराबाहेरचा, यावरच आमच्या शास्त्रातल्या लोकांची सगळी भांडणं."

दोनदा नापास झालेल्या मला एवढं नीट कुणी कधी शिकवलं नव्हतं.

एक जबडा तुटलेला मिळाला. अण्णांनी तो सांधला, पण सांधा मुद्दाम दिसता ठेवला. आणि सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये टेबल मांडताना स्वतःच म्हणाले, "बाई, मी घासल्यालंबी शेजारी मांडा. हात कसा फसतो ते पोरास्नी कळू दे." दिवसभर इस्त्रीच्या टोपीत उभं राहून त्यांनी स्वतःची चूक पोरांना सांगितली. एवढा मोठा माणूस मी नंतरच्या भटकंतीत फार थोड्या वेळा पाहिला.

संध्याकाळी त्यांनी मामाची कवळी हातात घेतली आणि थांबले. "मामाचं खरं दात कसं होतं रं?"

मला आठवेना. मामाला कवळी बसली तेव्हा मी लहान होतो. आई मात्र म्हणायची, माझा पुढचा दात शेजारच्यावर चढलाय, तो मामावर गेलाय. अण्णांनी माझं तोंड उघडून उजेडात बघितलं आणि कानस बाजूला ठेवली.

ते दुकान आता नाही, शोधू नका. पण कुठल्या संग्रहालयात असे दात दिसले, तर काचेपुढं उभं राहून आपल्या दाढेवर जीभ फिरवा.

घरी मामानं कवळी बसवली, आरशात बघितलं आणि कुरकुरला, "ह्यो एक वाकडा बसवलाय की रं."

आई चुलीपुढून उठून आली. त्याच्याकडं बघत राहिली. "दादा, काढू नको. किती वर्षांनी तुझ्यासारखा दिसतोयस."