कोपऱ्यात बसणारे उंदीर

प्रयोगशाळेच्या तळमजल्यावरची पांढऱ्या उंदरांची खोली गेली एकोणीस वर्षं मावशींच्या ताब्यात होती. पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, नवी पिल्लं मोजायची, हे त्यांचं काम. नव्या संशोधकांना त्या पहिल्याच दिवशी बजावत, "शेपटीला धरून उचलशील तर उंदीर लक्षात ठेवेल, आणि मीही."

त्या वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी नवा प्रयोग लावला. चार दिवसांच्या पिल्लांना नैराश्यावरचं औषध रोज थेंबथेंब पाजायचं आणि एकविसाव्या दिवशी बंद करायचं. एवढ्या लहान पिल्लाचा मेंदू माणसाच्या पोटातल्या बाळाइतका कच्चा असतो, असं त्यांनी सांगितलं. पाजायचं काम मावशींकडे आलं. पिल्लं छान गुटगुटीत झाली. "यांना काही म्हणता काही झालेलं नाही," मावशी म्हणाल्या.

औषध बंद होऊन तीन महिने झाल्यावर मॅडमनी एकेक उंदीर मोठ्या, वरून उघड्या खोक्यात सोडला. साध्या पाण्यावर वाढलेले उंदीर हुंगत हुंगत मधोमध गेले. औषधावर वाढलेले बहुतेक कोपऱ्याला चिकटून बसले. उपाशी असूनही समोरच्या दाण्याकडे फिरकेनात.

"औषध तर केव्हाच थांबलंय ना?" मावशींनी विचारलं.

"तेच तर बघतोय," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या.

मावशींची लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आलेली होती. दोन वर्षांपूर्वी त्याच लेकीने अंथरूण धरलं होतं. ना बोलणं, ना केस विंचरणं. गोळ्यांनी ती माणसात आली, आणि त्या अजून चालू होत्या. त्या गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव मावशींनी घरी जाऊन अक्षर अक्षर जुळवून वाचलं. पिल्लांच्या औषधाच्या बाटलीवर होतं तेच.

कुणाला न विचारता त्यांनी पाकीट आपल्या पिशवीच्या तळाशी लपवलं. लेकीने शोधाशोध केली तेव्हा म्हणाल्या, "कुठे जाणार? सापडेल. नाहीतर मी आणते उद्या." तो उद्या काही आला नाही.

तिसऱ्या दिवशी लेकीला गरगरायला लागलं. पाचव्या दिवशी सकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. "आई, पुन्हा तसंच व्हायला लागलंय. मला एकटीला सोडून जाऊ नकोस."

शेजारणीला लेकीजवळ बसवून मावशी तशाच प्रयोगशाळेत धावल्या आणि मॅडमपुढे सगळं ओकून मोकळ्या झाल्या.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मावशी, आधी तिला डॉक्टरांकडे न्या. आत्ताच्या आत्ता. या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात."

"आणि ते उंदीर? ते काय खोटं बोलतात?"

"खोटं नाही. पण आपण धडधाकट पिल्लांना औषध पाजलं. आई आजारी राहिली तर बाळाचं काय होतं, ते यात मोजलेलंच नाही. माणसाच्या बाळाचं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

एवढ्या शिकलेल्या बाईंना सांगता येत नाही, याचीच मावशींना जास्त धडकी भरली. इकडे आड, तिकडे विहीर.

डॉक्टरांसमोर त्यांनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. लेकीने ते ओळखलं.

"तू लपवलंस?"

"बाळाच्या काळजीने गं. तुला सांगितलं असतं तर घाबरली असतीस."

"मला माहीत होतं, आई. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सगळं सांगितलं होतं. महिनाभर विचार करून मी गोळ्या चालू ठेवल्या. घाबरतच होते. तुला घोर नको म्हणून बोलले नाही."

एकाच घरात दोघी एकच भीती वेगवेगळ्या खोल्यांत घेऊन बसल्या होत्या.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी लेक उठून स्वयंपाकघरात आली, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून आईशी भांडली. मावशींना रडूच फुटलं.

मुलगी झाली. पहिले दोन दिवस फार किरकिरली, डॉक्टरांनी लक्ष ठेवलं, मग शांत झाली. आता ती दीड वर्षाची आहे. परका माणूस दिसला की आईच्या मानेत तोंड खुपसते. अशी मुलं घरोघरी असतात, हे मावशींना कळतं. तरी त्यांना कोपऱ्यातले ते उंदीर आठवतात. पण आता त्या गप्प बसत नाहीत. लेकीला तिथल्या तिथे सांगतात, "मला भीती वाटली बघ."

"मलाही," लेक म्हणते, आणि पोरीला त्यांच्या कडेवर देते.