तानोकडे फिरवलेली पाठ

शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी डेलिया रोल्दान बसच्या सीटवरचं फाटकं रेक्झिन पक्कडीने ओढून काढत होती. राजधानीच्या विल्दे उपनगरात पूर्वी या वेळी कातडी कमावण्याच्या कारखान्यांचे भोंगे वाजायचे. ते कारखाने आता गोदामं झाले आहेत. गल्लीत फक्त बेकरीचं शटर वर जाताना कुरकुरतं.

डेलिया सत्तावन्न वर्षांची आहे. बसगाड्यांच्या सीटना नवं अस्तर घालण्याचं हे दुकान तिच्या वडिलांचं. तिचे हात रुंद आहेत आणि उजव्या मनगटावर निळ्या शाईत एक गंजका, वाकलेला पत्रा गोंदलेला आहे. कुणी विचारलं तर ती सांगते, "छपराचा आहे." त्यापुढे सांगत नाही.

तो पत्रा म्हणजे चापा फ्लोखा. या नावाचा अर्थ सैल पत्रा. हुकूमशाही संपली त्याच्या पुढच्या वर्षी विल्देच्या चार पोरांनी हा पंक बँड काढला आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, एका क्लबाच्या स्वयंपाकघरात झालेल्या कार्यक्रमात, अठरा वर्षांच्या डेलियाने ओरासिओ वेर्सिनीला पहिल्यांदा ऐकलं. त्याला सगळे तानो म्हणतात. इटालियन घरातल्या प्रत्येक दुसऱ्या पोराला इथे तानोच म्हणतात, पण विल्देत नुसतं तानो म्हटलं की तो एकच. दिवसा तो फ्रिज दुरुस्त करायचा. संध्याकाळी माइक तोंडात घातल्यासारखा धरून, मानेच्या शिरा फुगवून, बंद पडलेल्या कारखान्यांची, पोलीसचौकीची आणि स्वतःच्या सासूची गाणी ओरडायचा. गाणं दोन मिनिटांच्या वर गेलेलं कुणी ऐकलेलं नाही.

त्याच वर्षी डेलियाने त्रापो शिवला. त्रापो म्हणजे खरं तर चिंधी. पण इथे फुटबॉलच्या मैदानात आणि गाण्याच्या कार्यक्रमांत आपापल्या वस्तीचं नाव रंगवून जे फडकं कठड्याला बांधतात, त्यालाही त्रापोच म्हणतात. तिचा काळ्या खादीसारख्या कापडाचा होता. वर पांढऱ्या ऑइलपेंटने पत्रा, खाली वस्तीचं नाव, WILDE. रंगकाम चिचेचं. चिचे तेव्हा बस डेपोत झाडलोट करायचा, आज तिथला मुकादम आहे आणि सीट आणायच्या निमित्ताने रोज दुकानात माते, म्हणजे इथला कडवट हिरवा चहा, प्यायला येतो.

सतरा-अठरा वर्षं हा त्रापो चापा फ्लोखाच्या प्रत्येक कार्यक्रमात मंचासमोर मधोमध बांधलेला असायचा. आणि त्या काळात डेलिया तानोशी एकदाही बोलली नाही. हा त्यांच्या टोळक्याचा नियम होता. मंचामागे जायचं नाही, सही मागायची नाही, फोटो काढायचा नाही. गायक म्हणजे काही देव नव्हे आणि आपण त्याचे भक्त नव्हे. पुढे उभं राहायचं, धक्के खायचे, घरी जायचं.

मैदानातला आणखी एक रिवाज त्यांनी उचलला होता. संघाने लाज आणली की लोक त्रापो उलटा टांगतात आणि खेळाकडे पाठ करून उभे राहतात. शिव्याही देत नाहीत. ज्याने त्रापो उलटा केला त्यानेच तो सरळ करायचा, तोही खेळाडूंच्या देखत.

दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीत नदीकाठी एक मोठा जलसा झाला. पैसा एका बीअर कंपनीचा होता. आदल्या वर्षी देशाचं दिवाळं निघालं तेव्हा विल्देत लोक चौकात चुली मांडून एकत्र जेवत होते आणि तानोने त्याच चुलींपाशी फुकट गाणी म्हटली होती. आता त्याच्या मागे तीन मजली बीअरची बाटली उभी होती. डेलियाने त्रापो उलटा टांगला आणि पाठ फिरवली. चिचेने फिरवली. मग मागच्या रांगांनी फिरवली, आणि ज्यांना कारण माहीत नव्हतं त्यांनीही फिरवली. तानोने ठरलेली सगळी गाणी म्हटली. संपल्यावर तो निघून गेला.

त्यानंतर ती कधी गेली नाही. तो खुलासा करील, माफी मागील, मग बघू, असं तिने धरलं होतं. त्याने काहीच केलं नाही. मोठ्या मंचावर पुन्हा चढला नाही, रेकॉर्डही काढली नाही. बेरासातेगीच्या एका लहानशा क्लबात दर गुरुवारी तीस-चाळीस माणसांपुढे गायचा एवढं तिच्या कानावर येत होतं. दहा वर्षं तो गुरुवार चालला. मग गळ्यात गाठी निघाल्या, शस्त्रक्रिया झाली, बँड थांबला.

बँड थांबल्यावर चिचेने कबूल केलं की तो जवळजवळ दर गुरुवारी जात होता. डेलियाने आठवडाभर त्याला माते दिलं नाही. मग विचारलं, आधी का नाही सांगितलंस.

"सांगितलं असतं तर तू माझ्या घरासमोर त्रापो उलटा लावला असतास, बये."

कसं होतं, एवढंच तिने विचारलं. चिचे बोलका माणूस आहे, पण त्याला नीट सांगता आलं नाही. म्हणाला, तीच गाणी होती. फक्त आता प्रत्येक शब्द कळायचा. सासूचं गाणं त्याने एकदा इतकं हळू म्हटलं की हॉलमधला फ्रिज ऐकू येत होता, आणि कुणी हसलं नाही. कुणी ध्वनिमुद्रण केलं का? चिचेने खांदे उडवले. गुरुवार काय, पुढच्या आठवड्यातही असतोच, असं वाटायचं.

या शनिवारी तानो शेवटचा गाणार होता. विल्देच्याच क्लबात, दोनच गाणी, बाकीची इतर बँड म्हणणार. डेलियाने त्रापो पेटीतून काढून धुतला. तिला एवढंच करायचं होतं की तो त्याच्या देखत सरळ टांगायचा आणि समोर तोंड करून उभं राहायचं. बोलायचं नव्हतं. नियम होता.

पण दहाच्या सुमारास तानो स्वतःच दुकानात आला.

हातात बारमधलं एक उंच स्टूल, बसायची गादी फाटलेली. बासष्ट वर्षांचा, वाळलेला, डोक्याला टोपी. आवाज कागदावर कागद घासावा तसा. चिचेने पत्ता दिला म्हणाला. उभं राहून दोन गाणी झेपत नाहीत, उद्यापर्यंत होईल का? डेलियाने त्याच्या डाव्या बाजूने काहीतरी उत्तर दिलं तेव्हा त्याने मान वळवली.

"इकडून बोल. त्या कानात आता कुणी राहत नाही."

तिने स्टूल उलटं केलं आणि पिना उपसायला लागली. तानोने दुकानभर नजर फिरवली. मागच्या अंगणात दोरीवर त्रापो वाळत होता.

"म्हणजे विल्दे तू."

"मी."

"मला वाटायचं, कुणी दाढीवाला असेल."

तिने माते भरून त्याच्यापुढे सरकवलं. ती फोम कापत होती, तो बघत होता. मग तो म्हणाला की नदीकाठच्या त्या संध्याकाळी तुम्ही पाठ फिरवलीत ते बरं केलंत, हे कधीतरी सांगायचं होतं.

डेलियाने कात्री खाली ठेवली.

तानोने सगळं सांगितलं ते तिने नंतर चिचेला जसंच्या तसं सांगितलं. तो जलसा त्याने एकाच गोष्टीसाठी घेतला होता. लहान क्लबांत गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मागे ड्रम, बाजूला गिटार, आपण ओरडायचं आणि नशिबावर सोडायचं. फ्रिजच्या मोटरींनी कान तेव्हाच जायला लागले होते. नदीकाठी मात्र गायकाच्या पायाशी त्याचाच आवाज त्याला ऐकवणारे मोठे स्पीकर असणार होते. पूर्ण बहिरं व्हायच्या आधी एकदा तरी स्वतःला ऐकावं, असं त्याला वाटलं.

"आणि ऐकलं. बोकड कापताना ओरडतो ना, तसं. वीस वर्षं मी असा ओरडत होतो आणि एकाही हरामखोराने मला सांगितलं नाही. वर बघतो तर तुमच्या पाठी. म्हटलं, चला, यांनी तरी सांगितलं."

पुढच्याच महिन्यापासून तो किल्मेसच्या एका चर्चमध्ये कोरस शिकवणाऱ्या बाईंकडे जायला लागला. दर मंगळवारी, मागच्या दाराने. पंक गायक सारेगम घोकतो हे कळलं असतं तर बँडमधल्यांनी त्याला जगू दिलं नसतं. बाईंनी त्याला आधी श्वास घ्यायला शिकवलं, मग गप्प राहायला, आणि सगळ्यांत शेवटी गायला.

इथे डेलियाला गप्प राहता आलं असतं. चिचेच्या मते तिने राहायलाच हवं होतं. माणूस एका गैरसमजावर वीस वर्षं सुखाने उभा आहे, त्याच्या पायाखालची फळी कशाला काढायची? पण डेलिया तशी बाई नाही.

"तुझ्या आवाजामुळे नव्हतं ते," ती म्हणाली. "बीअरमुळे होतं. केवढी बाटली लावली होती तुझ्या मागे."

"माझ्या मागे होती. मला कशी दिसणार?"

"त्रापोसुद्धा उलटा होता."

"दिवे डोळ्यांत होते, बाई. मला नुसत्या पाठी दिसत होत्या."

त्याने माते संपवलं आणि भांडं हातातच धरून ठेवलं. मग विचारलं, म्हणजे गाणं ठीक होतं?

"नेहमीसारखंच होतं. आम्हाला ते तसंच आवडायचं."

तानो हसला. त्या हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलले. मग दहा वर्षं त्या बाईकडे कशाला मरायला गेलो, असं काहीसं पुटपुटला. डेलिया म्हणाली, चिचे सांगतो की त्या गुरुवारांना तू जसा गायचास तसं इथे कुणी गायलेलं नाही. तानो म्हणाला की चिचेला काय कळतं. आणि मग, सहज विचारावं तसं, "तू होतीस?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

त्याने मान डोलावली. त्यात तक्रार नव्हती. "मी बघायचो," तो म्हणाला. "दिवे लागायच्या आधी. विल्दे आलंय का म्हणून. दिसायचं नाही. वाटायचं, अजून म्हणावं तसा सुधारलो नाही."

डेलियाने शिवणयंत्र सुरू केलं. हा आवाज चालू असताना दुकानात बोलता येत नाही. काळं रेक्झिन, दुहेरी शिवण, कडेला पायपिंग. बसची सीट असती तर तिने एवढा वेळ घेतला नसता. गादी बसवून तिने चारही बाजूंनी पिना मारल्या, स्टूल सरळ केलं आणि त्याला बसून बघायला सांगितलं. तो बसला. पाय टेकतात का ते त्याने पाहिलं.

निघताना दारात तो थांबला. म्हणाला, "उद्या मात्र खरंच वाईट गाणार आहे. पाठ फिरवायची असेल, तर उद्या फिरव."

स्टूल खांद्यावर टाकून तो बसथांब्याकडे गेला.

दुपारी चिचे सीट न्यायला आला तेव्हा त्रापो वाळला होता आणि डेलिया त्याच्या चारही कोपऱ्यांना नव्या नाड्या शिवत होती. तिने त्याला सगळं सांगितलं. चिचेने ऐकून घेतलं. जाताना त्याने विचारलं, उद्या किती वाजता येऊ. सहानंतर, डेलिया म्हणाली.

उद्या शनिवार. क्लबाच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहापर्यंत पेन्शनरांचा लाकडी गोळे घरंगळवायचा खेळ चालतो. तो आटोपल्याशिवाय मंचाच्या फळ्या आत आणू देत नाहीत.