चिखलातली नववी मात्रा

शुभाचा फोन आला तेव्हा मी लोंढ्याच्या स्टेशनात चहा पीत होतो. "मामा, आई गेली." मी विचारलं, "कुठं?" आक्का एका जागी बसलेली कधी बघितली नव्हती, म्हणून तोंडातनं तेच आलं... मग पोरीचं रडणं ऐकू आलं आणि चहा तसाच राहिला.

आक्का माझी थोरली बहीण. जन्म जांबोटीचा, नोकरी बेळगावात, शाळेत गाण्याची बाई. रिटायर झाल्यावर बायका देऊळ धरतात, आमच्या आक्कानं कॉम्प्युटर धरला. आईचं भातलावणीचं गाणं तिला त्यात सुरातालासकट लिहून ठेवायचं होतं. ते येणारी आता आम्ही दोघंच उरलेली, आणि तिच्या दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकलेले. घाई होती.

आणि कॉम्प्युटर आडमुठा! गाण्याच्या तीन ओळी आठ मात्रांच्या, चौथी नऊ. शुभा, तिची लेक, पुण्यात व्हायोलिन शिकवते. ती म्हणाली, "आई, इथं चुकलंय. आठ कर, वाजवायला सोपं." आक्का भडकलीच. "चुकलंय? अगं, चौथ्या ओळीला बायका पाऊल मागं घेत्यात. चिखलातनं पाय उपसायला येळ लागतोय का न्हाय? ती नववी मात्रा हाय!" मग दर चौथ्या ओळीला तालाचा आकडा बदलून तिनं नऊ घातलेच. तरी ते यंत्र वाजवायचं शाळेच्या कवायतीगत. झोका म्हणून नाही. पहिला सूर जरा लांब, पुढचा आखूड... किती लांब, ते ठरवायची सोय एकदाची तिला सापडली, तर मला हॉलमध्ये वाकून उलटं चालायला लावलं. "सावकाश रं बाळू! चिखल हाय असं समज!" साठी उलटलेला मी फरशीवर रोपं लावत मागं सरकतोय आणि ही बया माझ्या पायांकडं बघत आकडे बदलतेय. शेजारीण डोकावली आणि आल्या पावली परत गेली. आम्ही लई हसलो. तसं हसायला आता कोण हाय मला?

शेवटचं कडवं तेवढं राहिलं. आक्काची बोटंच चालेनात.

दिवसकार्य आटोपल्यावर शुभा आक्काच्या खुर्चीत बसली. कॉम्प्युटर लावला. "मामा, म्हणा."

"मला न्हाय जमायचं गं."

"तुम्ही नाही म्हटलंत तर ते कायमचं गेलं, मामा."

म्हटलं. आवाज फाटत होता, तरी म्हटलं. ती ओळीमागून ओळ घालत गेली. चौथ्या ओळीपाशी आकडा बदलून, नऊ करून, माझ्या तोंडाकडं बघत थांबली. मी आठव्या मात्रेवरच थांबलो होतो.

"मामा, नववी राहिली की."

"राहिली न्हाय, बाळ. लावणी सरली. बायका बांधावर आल्या... आता पाय उपसायचा न्हाय."

शुभा टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसले आणि आठच मात्रा घातल्या.