क्लबच्या टेबलावर

अंबाजोगाईला फिजिओथेरपी शिकत असताना मी आमच्या मॅन्युअल थेरपी क्लबची सचिव होते. दर शनिवारी दुपारी आम्ही एकमेकांच्या पाठी-माना दाबून हाताचे उपचार शिकायचो. क्लबच्या खोलीची किल्ली मागून आणणं, सगळ्यांना फोन करणं, सतरंज्या झाडणं माझ्याकडेच होतं.

त्या शनिवारी मी घाटनांदूरच्या शिबिरातून सरळ तिथं आले. ऊसतोडीहून परतलेल्या बायांच्या कमरा तपासून माझीच कंबर धरली होती. क्लबला जेमतेम चौघे जमले होते. पेशंट व्हायला कुणी तयार होईना, म्हणून मीच टेबलावर पालथी पडले. पाटोद्याच्या मैत्रिणीनं मानेला हात लावला, एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा अंगावर कुणाचा तरी अ‍ॅप्रन होता. बाकीचे निघून गेले होते आणि मैत्रीण सतरंज्या गुंडाळत होती.

"उठवलं कावून न्हाई?" मी विचारलं.

"लई दमली होतीस. तू झोपलीस तरी तुझ्याच पाठीवर शिकलो आमी."

मी खिशातली किल्ली तिच्या हातात दिली. "आता क्लब तूच सांभाळ. मला होत न्हाई."

तिनं ती घेतली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. हॉस्टेलच्या खोलीवर जाऊन पुन्हा झोपावं, एवढंच मनात होतं.